रेमेदिओस : गाव आणि त्याची बेटे

क्युबाच्या नकाशावर ‘कायो’ हा शब्द शेकडो ठिकाणी आढळतो. वाळू, प्रवाळाचा चुरा आणि कांदळवन यांनी बनलेले, भरतीच्या पाण्याहून जेमतेम वर राहिलेले सखल बेट म्हणजे कायो. शब्द मूळचा तेथील आदिवासी ताइनो लोकांचा. तो स्पॅनिशांनी उचलला, आणि पुढे इंग्रजांनी त्याचे ‘की’ केले. फ्लोरिडाच्या दक्षिणेस असलेल्या बेटांची नावे त्यावरूनच आली. क्युबाच्या उत्तर किनाऱ्याला समांतर अशी या बेटांची एक दीर्घ माळ पसरलेली आहे. तिच्या एका भागास स्पॅनिश विजेत्यांनी ‘राजाची उपवने’ असे भारदस्त नाव दिले. राजाने ती उपवने कधी पाहिली नाहीत, आणि उपवनांत त्या काळी डास, खेकडे आणि खारे पाणी यांवाचून फारसे काही नव्हते.

या माळेतील सांता मारिया, एन्सेनाचोस आणि लास ब्रूहास ही तीन बेटे आज व्हिया क्लारा या प्रांतात मोडतात. पांढरी पुळण आणि उथळ, निळसर-हिरवे पाणी यांमुळे ती परदेशी प्रवाशांस ठाऊक झाली आहेत. प्रवासी सांता क्लारा शहराच्या विमानतळावर उतरतो, बसमध्ये बसतो आणि थेट बेटावरच्या हॉटेलात जातो. वाटेत, समुद्र येण्यापूर्वी आठ-नऊ किलोमीटरवर, एक जुने कौलारू गाव लागते. त्यासाठी पुष्कळांच्या प्रवासात अर्ध्या तासाहून अधिक वेळ राखलेला नसतो. त्या गावाचे नाव सान हुआन दे लोस रेमेदिओस. जुन्या कागदपत्रांत या नावाच्या शेवटी आणखी दोन शब्द येतात : ‘देल कायो’, म्हणजे ‘बेटाचे’. गाव आणि बेटे यांची कथा मुळात एकच आहे, आणि बेटे पाहावयाची तर आधी गाव पाहिले पाहिजे, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच. ज्यांस हा प्रवास कधी घडणार नाही (आपल्यापैकी बहुतेकांस तो घडणार नाही) त्यांनीही नकाशा समोर ठेवून पुढील मजकूर वाचावा.

गावाचा संस्थापक वास्को पोर्कायो दे फिगेरोआ हा स्पॅनिश सरदार. स्थापनेचे वर्ष कोणी १५१३ देतात, कोणी १५१५. गावाने आपली पाचशे वर्षे २०१५ साली साजरी केली. आफोन्सो दे आल्बुकेर्कने गोवे घेतले ते १५१० साली, हे ध्यानी घेतले म्हणजे काळाचा अंदाज येईल. पृथ्वीच्या दोन टोकांस इबेरियन लोकांचा शिरकाव एकाच दशकात चालला होता. वर्षाविषयीचा वाद निष्कारण नाही. पोर्कायोने हा मुलूख आपली खाजगी जहागीर म्हणून चालविला. रीतसर नगरसभा असती तर तिच्यापुढे हिशेब द्यावा लागला असता, म्हणून क्युबाच्या पहिल्या सात नगरांत या गावाची गणना होऊ शकली नाही. आदिवासी प्रजेशी त्याचे वर्तन इतके क्रूर होते, की त्या क्रूर काळातही त्याचा बोभाटा झाला. रेमेदिओसचे अभिमानी नागरिक आपले गाव आठवे नगर असल्याचे सांगतात. कोणी तर त्याहून वरचा क्रमांक मागतात.

‘रेमेदिओस’ या शब्दाचा अर्थ उपाय किंवा औषधे. वसईच्या रमेदी मातेचे नाव याच शब्दावरून आलेले आहे, हे तेथील वाचकांस सांगावयास नकोच. मात्र क्युबातील या गावावर जी संकटे आली त्यांवर औषध सापडणे कठीण होते. पहिले संकट समुद्रातून आले. किनाऱ्याजवळचे पाणी उथळ, मोठे लढाऊ जहाज आत येऊ शकत नाही. पण चाच्यांच्या होड्या कांदळवनांतील वाटांनी सहज येतात आणि सहज लपतात. सतराव्या शतकात कॅरिबियन समुद्रात फ्रेंच, इंग्रज आणि डच चाच्यांचा सुळसुळाट झाला होता. त्यांच्यापैकीच एक असलेल्या एक्सकेमेलिन याने १६७८ साली डच भाषेत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या किनाऱ्याचे वर्णन आहे. लोलोने नावाचा अत्यंत निर्दय फ्रेंच चाचा या गावाच्या आसपास हिंडू लागला, तेव्हा हवानाच्या सुभेदाराने त्याच्या पारिपत्यासाठी एक जहाज पाठविले. जहाजावर तोफा होत्या, शिपाई होते, आणि पकडलेल्या चाच्यांना तेथल्या तेथे फासावर चढविण्यासाठी एक जल्लादही मुद्दाम दिलेला होता. लोलोनेने रात्री होड्यांतून येऊन ते जहाजच काबीज केले, एकेकाचा शिरच्छेद केला आणि सुभेदाराला निरोप सांगण्यापुरता एक माणूस जिवंत सोडला, असे एक्सकेमेलिन लिहितो. चाच्याने चाच्याविषयी लिहिलेली हकीकत आहे, तेव्हा तीत थोडे मीठ-मिरची असणारच. तथापि गावकऱ्यांची झोप का उडाली असेल हे समजण्यास ती पुरेशी आहे.

याची दुसरीही एक बाजू आहे, आणि ती स्थानिक इतिहासकार थोड्या संकोचाने सांगतात. हेच उथळ समुद्र आणि हीच बेटे चोरट्या व्यापारालाही सोयीची होती. कातडी, तंबाखू आणि मांस देऊन परदेशी जहाजांकडून कापड, हत्यारे व गुलाम घ्यावयाचे, हा किनाऱ्यावरील लोकांचा परिपाठ होता. स्पेनच्या राजाचा कायदा तो निषिद्ध मानी. म्हणजे ज्या बेटांआडून लुटारू येत, त्याच बेटांआडून गिऱ्हाईकही येई. गाव समुद्रापासून दूर न्यावे की नाही या प्रश्नावर लोकांत दुफळी का माजली, याचे एक उत्तर येथे सापडते. ज्यांची गुरे आणि जमिनी आतल्या बाजूस होत्या त्यांना स्थलांतर हवे होते. ज्यांचे पोट किनाऱ्यावर होते त्यांना ते नको होते.

या भांडणात एक विलक्षण पात्र उतरले. गावचा धर्मगुरू होसे गोन्सालेस दे ला क्रूस हा धर्मन्यायसभेचाही अधिकारी होता. १६८२ साली त्याने जाहीर केले, की हे गाव सैतानांनी ग्रासलेले आहे. लेओनार्दा नावाच्या एका काळ्या गुलाम स्त्रीच्या अंगातील दुष्टात्म्यांना त्याने बोलते केले. गावाच्या हद्दीत सैतानांच्या पलटणींच्या पलटणी वस्तीस आहेत आणि हे स्थळ एके दिवशी रसातळास जाणार, अशी कबुली त्या दुष्टात्म्याने दिली. ही कबुली गावच्या लेखनिकासमोर घेऊन तिचा रीतसर दस्तऐवज करण्यात आला! सरकारी कागदावर प्रत्यक्ष सैतानाची साक्ष नोंदलेली असावी, हे उदाहरण विरळाच. त्यावर उपाय एकच : सर्वांनी गाव सोडून आत राहावयास जावे. कोठे? तर धर्मगुरूंच्या पसंतीच्या जागी. आणि ती जागा त्यांच्या स्वतःच्या मालकीची होती. क्युबाचे थोर समाजशास्त्रज्ञ फेर्नांदो ओर्तिस यांनी या प्रकरणावर १९५९ साली एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. सैतान आणि सातबारा यांचा संबंध त्यांनी त्यात फार बारकाईने उलगडून दाखविला आहे. या विषयावर पुढे १९७१ साली तोमास गुतिएर्रेस आलेआ या दिग्दर्शकाने चित्रपटही काढला.

लेओनार्देचे पुढे काय झाले याविषयी इतिहास फारसे बोलत नाही. तिच्या तोंडून सैतान बोलला. ती स्वतः काय म्हणाली ते कोणी लिहून ठेवले नाही.

अखेर काही कुटुंबे निघाली. धर्मगुरूंच्या जमिनीवर ती गेली नाहीत. सुमारे ४५ किलोमीटर आत, एका टेकडावर चिंचेच्या झाडाखाली १५ जुलै १६८९ रोजी त्यांनी प्रार्थना केली आणि नवे नगर वसविले. तेच आजचे सांता क्लारा. मूळ चिंचेच्या जागी लावलेली चिंच आणि तिच्याभोवतीचे स्मारक कार्मेन चौकात आहे. चिंचेचे झाड आपल्याकडून किंवा आफ्रिकेतून इतक्या दूर जाऊन एका शहराची जन्मसाक्षी व्हावे याची गंमत वाटते. पण पुढची गोष्ट गमतीची नव्हे. गेलेल्यांनी राहिलेल्यांना सोबत चालण्याचा आग्रह धरला, हवानाहून हुकूम मिळविले, आणि हुकूम मानला जात नाही असे पाहून थोड्याच वर्षांत सांता क्लाराची हत्यारबंद मंडळी रेमेदिओसवर चालून आली. त्यांनी घरांना आगी लावल्या. फक्त चर्च वाचले. ज्यांनी जाळले ते चाचे नव्हते. सख्खे शेजारी, कित्येक तर नात्यातलेच होते.

गाव तरीही हलले नाही. लोकांनी जळक्या जोत्यांवर पुन्हा भिंती उभ्या केल्या आणि राजदरबारी दाद मागितली. शेवटी त्यांना तेथेच राहू देण्यात आले. गोव्यातील वाचकांस येथे जुन्या गोव्याची आठवण होणे साहजिक आहे. तेथे रोगराईने शहर ओस पडत गेले, १७५९ साली व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीकडे हलविला आणि १८४३ साली पणजी राजधानी झाली. भव्य चर्चे मागे राहिली, वस्ती गेली. रेमेदिओसमध्ये घरे गेली, पण माणसे राहिली. अर्थात राहण्याची किंमतही त्यांनी मोजली. सांता क्लारा वाढत जाऊन प्रांताचे मुख्य शहर झाले आणि रेमेदिओस लहानसेच राहिले.

सांता क्लारा हेही पाहण्याजोगे शहर आहे, पण त्याची कीर्ती अन्य कारणांनी सर्वश्रुत असल्यामुळे येथे थोडक्यात उरकतो. डिसेंबर १९५८ च्या अखेरीस चे गेव्हाराच्या तुकडीने तेथे बातिस्ताच्या फौजेची चिलखती आगगाडी रुळांवरून घसरवून काबीज केली, आणि क्रांतीचा निकाल लागला. बोलिव्हियात सापडलेले गेव्हाराचे अवशेष १९९७ साली तेथील स्मारकात ठेवण्यात आले. माझ्या मते त्या शहराची खरी मानकरी मार्ता आब्रेऊ ही आहे. या श्रीमंत स्त्रीने १८८५ साली ‘ला कारिदाद’, म्हणजे ‘दानधर्म’, नावाचे नाट्यगृह बांधून दिले. त्याचे उत्पन्न गोरगरिबांकडे जावे अशी तिची योजना होती.

आता रेमेदिओसच्या मुख्य चौकात येऊ. चौकोनी बाग, भोवती खांबांचे ओटे, रंगीत भिंती, उंच दारे, खिडक्यांना जमिनीपासून छपरापर्यंत गज. या एकाच चौकात दोन कॅथलिक चर्चे आहेत, आणि अशी जोडी क्युबात अन्यत्र नाही असे सांगतात. लहान चर्च ‘सुखरूप प्रवासाच्या माते’चे. कोळ्यांना समुद्रात मूर्ती सापडली, ती मोठ्या चर्चमध्ये नेऊन ठेविली तरी पुनःपुन्हा आपल्या जागी परत आली, म्हणून तेथेच तिचे मंदिर बांधले, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडील कोकणात अशा कथा गावोगावी ऐकू येतात, त्यामुळे तिचे नवल वाटत नाही. ओळख मात्र पटते.

मोठे चर्च सान हुआन बाउतिस्ताचे. आत शिरताच समोर सोन्याच्या मुलाम्याची लाकडी वेदी दिसते. वर नजर केली तर महोगनी लाकडाचे कोरीव छत आहे. हे वैभव पिढ्यान् पिढ्या कोणाच्या डोळ्यांस पडले नव्हते, कारण त्यावर पांढऱ्या रंगाचे थर चढले होते. एउतिमियो फाया बोनेत या साखर-व्यवसायातील धनिकाने १९४४ नंतरच्या दशकात स्वतःच्या खर्चाने जीर्णोद्धार करविला, तेव्हा रंग खरवडता खरवडता छत आणि सोने उघडे झाले. देवळांना तैलरंग फासून दगड झाकून टाकण्याची जी हौस आपल्याकडील विश्वस्तांना आहे, त्यांनी ही गोष्ट अवश्य ऐकावी.

गावाचा खरा उत्सव नाताळच्या आदल्या रात्री असतो. त्याचे नाव ‘पार्रांदा’. याचा उगमही एका धर्मगुरूपाशी आहे. पण हा पाद्री निराळ्या प्रकृतीचा. १६ ते २४ डिसेंबर या काळात पहाटेच्या प्रार्थना असत. थंडीत अंथरुण सोडून कोण येणार? १८२० च्या सुमारास फ्रान्सिस्को विहिल दे किन्योनेस या पाद्रीने गावातील पोरे जमविली आणि त्यांच्या हाती खुळखुळे, शिट्ट्या, शिंगे, खडे भरलेले डबे देऊन सांगितले : जा, गावभर गोंगाट करा, कोणाला झोपू देऊ नका. शाळा चालविणाऱ्या माणसाला असा हुकूम देण्याची कल्पनाही सोसणार नाही, परंतु पोरांनी तो शब्दशः पाळला असणार यात शंका नाही. पुढील वर्षी कोणी बोलाविण्याची गरज राहिली नाही. प्रार्थना मागे पडली, गोंगाट राहिला. आळी-आळीत चुरस लागली आणि कालांतराने सान साल्व्हादोर व एल कार्मेन असे दोन पक्ष ठरून गेले. एकाचे निशाण कोंबडा, दुसऱ्याचे ससाणा.

आज प्रत्येक पक्ष चौकात आपापल्या बाजूस लाकूड, कागद आणि दिवे यांचा, घरांच्या छपरांहून कितीतरी उंच असा देखावा उभारतो. रात्री चित्ररथ निघतात. सर्वांत मुख्य म्हणजे दारूकाम : पहाटेपर्यंत बाणांचा आणि आपटबारांचा मारा चालू असतो. देखाव्याचा विषय काय हे अखेरपर्यंत गुप्त ठेवावयाचे असते, म्हणून सुतार, चितारी, शिंपी महिनोन् महिने बंद दाराआड काम करतात आणि शेजारच्या आळीचे हेर फटींतून डोकावतात. नवरा कोंबड्याचा आणि बायको ससाण्याची, अशीही घरे असतात. निकाल देणारा पंच कोणी नाही. पहाटे दोन्ही पक्ष आपणच जिंकलो म्हणून नाचत घरी जातात. मध्य क्युबातील अनेक गावांनी ही रीत उचलली आणि २०१८ साली युनेस्कोने तिची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. त्याच्या आदल्या वर्षी, २०१७ च्या उत्सवात, दारूकामाच्या अपघातात अनेक जण भाजले, त्यांत मुलेही होती. हे लिहिल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिक होणार नाही. दुसरी अडचण विजेची. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर क्युबाची सबंध वीजव्यवस्थाच कोलमडली होती. दिव्यांचा उत्सव करणाऱ्या गावाला दिवे लागतील की नाही याचीच विवंचना पडावी, हे दैवदुर्विलसित म्हणावे लागेल.

याच चौकात आलेहांद्रो गार्सिया कातुर्ला यांचे घर संग्रहालय म्हणून जतन केले आहे. हे येथील न्यायाधीश, आणि क्युबाच्या आधुनिक संगीताचे एक प्रवर्तक. जन्म १९०६. पॅरिसमध्ये नादिया बूलांझे या विख्यात शिक्षिकेपाशी त्यांनी धडे घेतले आणि परत येऊन काळ्या लोकांचे ताल पाश्चात्त्य वाद्यवृंदात आणले. प्रतिष्ठित मंडळींना ते रुचले नाही. १२ नोव्हेंबर १९४० रोजी, ज्याला शिक्षा होण्याचा संभव होता अशा एका आरोपीने त्यांना गावातच गोळी घालून ठार केले. तेव्हा त्यांचे वय अवघे ३४ होते.

रेमेदिओसहून समुद्राकडे निघाले की काइबारिएन लागते. हे बंदर एकोणिसाव्या शतकातले. साखर बोटींत चढविणे आणि स्पंज काढणे यांवर ते जगले. वेशीवर खेकड्याचा एक प्रचंड पुतळा आहे. जवळच बंद पडलेल्या एका साखर कारखान्यात साखरेचे संग्रहालय असून तेथे वाफेची जुनी इंजिने उभी आहेत. वैभवाचा काळ सरल्याच्या खुणा घरोघर दिसतात. त्यात सप्टेंबर २०१७ च्या ‘इर्मा’ चक्रीवादळाने या किनाऱ्याला जबर तडाखा दिला.

येथूनच तो दगडी रस्ता सुरू होतो. समुद्रात दगडमातीचा भराव टाकून केलेला हा बांध ४८ किलोमीटर लांब आहे. १९८९ ते १९९९ अशी दहा वर्षे त्याला लागली. दोन्ही बाजूंस पाणी, मध्ये राखी रंगाची पट्टी, आणि सोबतीला पाणकावळे. एक बारकावा मात्र डोळे उघडे ठेवणाऱ्यालाच दिसेल : रस्त्यात ठिकठिकाणी लहान लहान पूल आहेत. त्यांची संख्या चाळीसच्या वर जाते. ते का? पूर्वेकडे कायो कोको बेटाला जोडणारा असाच एक बांध त्यापूर्वी झाला होता. त्यात पाणी वाहण्यास पुरेशा वाटा ठेवल्या गेल्या नाहीत. भरती-ओहोटीचे येणे-जाणे अडले, आतले पाणी कोंडून अधिकाधिक खारट झाले आणि कांदळवन मरू लागले. कांदळवन गेले की माशांची पैदास जाते, हे खाजणाकाठी राहणाऱ्या कोणाही गोवेकराला ठाऊक आहे. त्या धड्यावरून येथे पूल वाढविण्यात आले. या परिसराला २००० साली युनेस्कोने ‘बुएनाव्हिस्ता’ जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली.

बेटांवर पोचल्यावर वर्णन करावे असे फार नाही, आणि तेच त्यांचे आकर्षण असावे. पुळण मऊ व पांढरी, पाणी कमरेएवढे खोलवर जाईपर्यंत पारदर्शक. लास ब्रूहास, म्हणजे चेटकिणींच्या, बेटाजवळ ‘सान पास्क्वाल’ हे एक विचित्र जहाज रुतून बसले आहे. ते सिमेंट काँक्रीटचे आहे! पहिल्या महायुद्धात पोलादाची टंचाई झाली म्हणून अमेरिकेत अशी काही जहाजे बांधण्यात आली. त्यांपैकी हे १९२० साली पाण्यात उतरले. १९३३ पासून ते येथेच आहे. कधी उसाच्या मळीची कोठी म्हणून, तर कधी हॉटेल म्हणून त्याचा उपयोग झाला. आता त्यावर पक्षी बसतात.

हॉटेले मात्र परक्यांसाठी बांधली गेली. २००८ सालापर्यंत क्युबाच्या नागरिकाला आपल्याच देशातील अशा हॉटेलात खोली घेण्यास मनाई होती. बांधाच्या तोंडाशी चौकी होती व ओळखपत्र पाहिले जाई. चाच्यांना जी वाट मोकळी होती ती गावकऱ्यांना नव्हती. मनाई उठली, पण ज्याचा पगार पेसोत आहे त्याला परकीय चलनातील भाडे परवडणे कठीणच. रेमेदिओस आणि काइबारिएनची माणसे बेटांवर जातात ती बहुधा कामाला : आचारी, माळी, खोल्या झाडणाऱ्या बाया. पहाटे बस भरून निघते आणि संध्याकाळी त्याच ४८ किलोमीटरांवरून परत येते. प्रवाशाला शक्य झाल्यास त्याने आपला मुक्काम रेमेदिओसमध्येच, तेथील एखाद्या घरी करावा. अशी खोल्या देणारी घरे गावात आहेत, आणि भाड्याचे पैसे त्याच चौकाभोवती राहतात. सकाळी कामगारांच्या मागोमाग बेटांवर जावे, दिवसभर पोहावे, आणि दिवे लागणीच्या सुमारास परत येऊन चौकातल्या बाकावर बसावे. डिसेंबर असेल, तर आळीतल्या एखाद्या बंद दारामागून करवतीचा आवाज येत असेल. आत काय चालले आहे हे विचारू नये; कोणी सांगणार नाही.